रिकामी लाल पेटी

आमच्या घरात ‘जर्मन’ हा शब्द माझ्या जन्माच्या आधीपासून होता. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे दुसरं नावच नाही. त्यामुळे बारावीनंतर मी जर्मन शिकायला पुण्याला विद्यापीठात जाणार असं जाहीर केलं, तेव्हा थोरल्या काकूने अगदी मनापासून विचारलं, की त्यात शिकायचं काय, राखेनं घासलं की झालं. सगळं घर हसलं. काकू मात्र हसली नाही, ती उत्तराची वाट बघत होती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलेला प्रश्न जास्त अवघड होता. आमचं घर भोसरीतल्या जुन्या गावातलं. आजोबांची जमीन एमआयडीसीत गेली, आणि शेत गेल्यावर हातांना काहीतरी काम हवं म्हणून आबांनी त्याच एमआयडीसीत एक गाळा घेतला. आधी एक लेथ, मग ड्रिल, मग कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. इंजिनात बसणारे लहान लहान गोल भाग ते तयार करतात, त्यांना बुश म्हणतात. हाताखाली पाच-सहा कामगार आणि त्यांच्यावर एक फोरमन काका, मूळचे बीडकडचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करावा, गेलाबाजार बी.कॉम. करून गाळ्याचे हिशेब तरी बघावेत, असं आबांच्या मनात होतं. ते मला म्हणाले, “जर्मनीची मानसं इंग्रजी बोलत्यात ना? मंग तू मधी उभी राहून काय करनार?”

मी तरी अर्ज भरला. जर्मनच का, तर त्याचं मूळ गाळ्यात होतं. आबांच्या पहिल्या लेथवर, जी त्यांनी कुणाकडून तरी जुनी विकत घेतली होती, एक पितळी पट्टी होती आणि तिच्यावर काही ओळी कोरलेल्या होत्या. शाळेतून आले की मी गाळ्यात जाऊन त्या वाचायचे. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही. मला त्याचा राग यायचा. आमच्याच मशीनवर आमच्याच घरात कुणाला न कळणारं काहीतरी लिहून ठेवलंय, हे मला सहन होत नसे. पुढे विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या शेवटी ती पट्टी मी वाचली. दर आठवड्याला तेल घाला, एवढंच होतं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, घालतोच की.

भोसरीहून बसने पुण्याला जायचं, धक्के खात, मांडीवर दप्तर ठेवून क्रियापदं घोकत. शेजारी बसलेल्या बायका आधी दचकून बघायच्या, मग सरावल्या. एक जण तर मला रोज विचारायची, आज कुठवर आलं. वर्गात निम्म्या मुली पुण्यातल्या, चांगल्या शाळांतून आलेल्या. मी पहिल्याच दिवशी ‘आमी भोसरीचे’ म्हणाले, आणि दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं की मी त्यानंतर आठवडाभर तोंडच उघडलं नाही. माझ्या मराठीची मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पण मग एक गंमत झाली. जर्मनमध्ये त्या दोघीही माझ्याइतक्याच ठार अडाणी निघाल्या. इंग्रजी त्यांनी घरात ऐकलं होतं, मराठी त्यांची पुस्तकातल्यासारखी होती, पण जर्मनला कुणाची आजी, कुणाची शाळा, कुणाची पेठ माहीत नव्हती. तिथे सगळ्यांनी एकदमच रांगायला सुरुवात केली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांची सुरुवातीची रेघ एक होती. परकी भाषा शिकण्याचे फायदे मला पुष्कळ लोक विचारतात, नोकरी, व्हिसा, पगार असं काही ऐकायची त्यांची तयारी असते. मला आधी हा फायदा आठवतो, आणि तो सांगितला की लोकांचा चेहरा पडतो.

आमच्या मॅडमची एक शिस्त होती. वर्गात खोडरबर आणायचा नाही, व्हाइटनर तर नाहीच. चुकलं तर शब्दावरून एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. आणि दर शुक्रवारी प्रत्येकाने त्या आठवड्यातली आपली एक चूक उभं राहून सगळ्यांना सांगायची, ती कुठून आली असेल त्यासकट. पहिल्या शुक्रवारी माझी पाळी आली. मी निबंधात ‘माझे वडील मशीनवर राहतात’ असं लिहिलं होतं. वर्ग खो खो हसला. मॅडमनी हसू दिलं, आणि मग विचारलं, हे कुठून आलं? मी म्हणाले, आमच्या घरी विचारलं की आबा कुठे आहेत, तर उत्तर येतं, मशीनवर हायेत. सकाळी हेच, दुपारी हेच, रविवारीही हेच. हसणं थांबलं. मॅडम म्हणाल्या, मग ही चूक फार चांगली आहे, हिच्यामागे एक माणूस आहे.

एकदा एका मुलाने एकही रेघ नसलेला, स्वच्छ, देखणा निबंध आणून दिला. मॅडमनी तो चाळला, परत दिला आणि शांतपणे विचारलं, “छान आहे. कुणी लिहून दिला?”

हे वाक्य मला पुढे गाळ्यात आठवलं, म्हणून इथे सांगून ठेवते.

एम.ए.च्या पहिल्या वर्षानंतर विद्यापीठातर्फे मला सहा महिने जर्मनीतल्या एका लहान गावात शिकायला जायला मिळालं. आमच्या घरातून विमानात बसणारी मी पहिली. निरोप द्यायला अर्धी भोसरी आली होती म्हटलं तरी चालेल. आबा मात्र विमानतळावर आले नाहीत, ऑर्डर तुंबलीय म्हणाले. मला ते लागलं. मी पोचले तेव्हा इकडे भर दुपार होती. फोनला तिकडचं नेटवर्क लागेना, आणि मी पोचल्याचा मेसेज घरी बराच उशिरा गेला. आबांचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘बरं’.

मी परत आले तेव्हा गाळ्याची हवा बदललेली होती. बॅटरीच्या गाड्यांना इंजिनच नसतं, आणि इंजिनच नाही तर आबांचे बुश कुणाला हवेत? वर्षानुवर्षांच्या जुन्या कंपनीने ऑर्डर कमी करत आणली होती आणि दिवाळीनंतर बंद करतो असं तोंडी सांगितलं होतं. आता आशा एकच होती. चाकणच्या एका कंपनीला बॅटरीच्या गाड्यांतला एक लहान भाग बाहेरून करून हवा होता. कंपनीचं मुख्य ऑफिस जर्मनीत, त्यामुळे काम देण्याआधी तिकडचा एक साहेब स्वतः गाळा तपासायला, म्हणजे ऑडिटला, येणार होता. त्याने हो लिहिलं तर गाळा चालणार, नाही लिहिलं तर दिवाळीनंतर कुलूप. आबा हे कुणाला बोलून दाखवत नव्हते. पण फोरमन काकांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि ते वारंवार पुढे ढकललं जात होतं, यावरून सगळ्यांना कळत होतं.

मग तयारी सुरू झाली, मुलगी बघायला पाहुणे येणार असतात तशी. भिंतींना रंग, जमिनीवर पिवळे पट्टे, कामगारांना नवे बूट. बूट चावत होते, तरी सगळे ते घालून सराव केल्यासारखे फिरत होते. आदल्या संध्याकाळी शेवटचं काम निघालं ते लाल पेटीचं. प्रत्येक गाळ्यात एक लाल पेटी असते. बिघडलेला भाग, ज्याला आमच्याकडे रिजेक्शन म्हणतात, तो त्या पेटीत टाकायचा, म्हणजे चांगल्या मालात मिसळत नाही. आमची पेटी बरीच भरलेली होती. शेजारच्या गाळेवाल्याने सल्ला दिला, की भाऊ, ऑडिटच्या दिवशी ही पेटी आरशासारखी पाहिजे, आमी तर दर वेळी हेच करतो. आबांना ते पटलं. पाहुणा यायचा म्हणजे घरातला केर उंबऱ्याबाहेर गेलाच पाहिजे. सगळं रिजेक्शन टेम्पोत भरलं, आणि ड्रायव्हरला सांगितलं, सकाळी साहेब यायच्या आधी टेम्पो घेऊन निघायचं आणि साहेब जाईपर्यंत इकडे फिरकायचं नाही. पेटी आतून डिझेलने पुसली.

आबांनी मलाही यायला सांगितलं. साडी नेस म्हणाले. मधे उभी राहून काय करणार, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, नुसतं म्हणाले, “असू दे जवळ.”

साहेब आला तो चाकणच्या कंपनीतल्या एका अधिकाऱ्याबरोबर. आबांच्याच वयाचा, उन्हाने कान लालबुंद झालेला, बोलायला हळू. आणि फाडफाड इंग्रजी. अधिकाऱ्याचंही इंग्रजी, आबाही जमेल तसं यस सर, नो सर करत होते. माझी जर्मन साडीच्या घडीत तशीच राहिली. मी चहा दिला. चहाचा ट्रे उचलताना आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात टोमणा नव्हता, कीव होती. टोमणा परवडला असता.

साहेबाने सगळं नीट पाहिलं. मोजमापं घेतली, कामगारांच्या हातांकडे पाहिलं, लेथवरच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. मग तो लाल पेटीपाशी थांबला आणि वाकून आत बघितलं. रिजेक्शन कुठे आहे, असं त्याने इंग्रजीत विचारलं. अधिकारी हसून म्हणाला, झिरो रिजेक्शन, सर. आबांनीही मान डोलावली. साहेब म्हणाला, व्हेरी गुड, आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

बाकी सगळे खूश होते. अधिकाऱ्याने आबांच्या पाठीवर थाप मारली. मला मात्र मॅडमचा तो आवाज ऐकू येत होता. छान आहे. कुणी लिहून दिला?

वड्यांची प्लेट घेऊन मी साहेबाकडे गेले आणि जर्मनमध्ये म्हणाले, की तिखट आहेत, जपून. तो दचकला. मग त्याचे खांदे खाली आले, दिवसभर घट्ट बांधलेला पट्टा सैल करावा तसे. कुठे शिकलीस, कुठल्या गावात होतीस, तिथला पाव आवडला का, असं सगळं त्याने विचारलं. तरुणपणी काही वर्षं तो ड्रिलवरच काम करत होता, हेही सांगितलं. इंग्रजीत तो साहेब होता, आपल्या भाषेत आल्यावर ड्रिलवरचा माणूस झाला. मी सरळ विचारलं, की काय खटकलं?

त्याने पेटीकडे पाहिलं. इंग्रजीत हे त्याने कधी सांगितलं नसतं याची मला खात्री आहे. इंग्रजी त्याचीही पाहुण्याघरची भाषा, तिच्यात माणूस नावं ठेवत नाही, व्हेरी गुड म्हणतो आणि निघून जातो. मला तो म्हणाला, “जिथे काहीच बिघडत नाही, तिथे लोक काम कसं करतात हे मला कळू शकत नाही. काम तुमचं चांगलं आहे. पण मला नाही असंच लिहावं लागेल.”

तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तर ते मला जास्त खरं वाटलं. मी त्याला म्हणाले, थोडं थांबा, आणि आबांना कॉम्प्रेसरच्या मागे नेलं. तिथे आवाजात दुसऱ्याला काही ऐकू येत नाही.

“आबा, टेम्पो परत बोलवा.”

“याड लागलं का तुला?”

“तो ‘न्हाई’ लिहिनार हाय. पेटी रिकामी हाय म्हनून.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. विद्यापीठात गेल्यापासून मी घरातही जरा सांभाळून बोलायला लागले होते, त्या क्षणी ते सगळं गळून पडलं होतं आणि ते मला नंतर कळलं. आबा म्हणाले, “पाव्हन्यापुढं आपली घान मांडायची? आजपत्तुर कुनी केलंय का असं?”

मी म्हणाले, की त्याला ती घाण वाटत नाही. आपण चुकल्यावर काय करतो, तेवढंच त्याला बघायचंय. आबांनी फोरमन काकांकडे पाहिलं. फोरमन काका चावणाऱ्या बुटांकडे बघत होते. आबांनी माझ्यावर विश्वास का ठेवला हे मला आजही नीट कळलेलं नाही. त्यांना त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. त्यांनी खिशातून फोन काढला.

ड्रायव्हर चाकणला पोचला होता. नुसतं भटकण्यापेक्षा चार पैसे सुटतील म्हणून तो बाजारात मेव्हण्याच्या कांद्याच्या गोण्या भरत होता. तसाच परत ये, असं आबा फोनवर म्हणाले.

आता हे साहेबाला सांगायचं होतं. इतक्या वर्षांत परीक्षेत, भाषणात, तिकडच्या ऑफिसात मी पुष्कळ वाक्यं बोलले, पण ‘आमचं रिजेक्शन टेम्पोत आहे, तुमच्यापासून लपवलं होतं, आता परत येतंय’ यापेक्षा अवघड वाक्य मी त्या भाषेत बोलले नाही. चाकणच्या अधिकाऱ्याला मी तेच मराठीत सांगितलं, तर त्याचं तोंड कडू झालं. साहेब हसला नाही. त्याने एक खुर्ची मागितली आणि तो बसला.

टेम्पो आला. आधी कांदे उतरवले, मग खालचं रिजेक्शन. टेबलावर पोत्यातून ओतलं तेव्हा बुशांबरोबर कांद्याची सालंही पडली, आणि गाळाभर कांद्याचा वास सुटला. साहेबाने पेनाचं टोपण काढलं, एक तुकडा उचलला आणि विचारलं, याचं काय झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत?

आबा इंग्रजीत सांगायला लागले. टूल… सर… टूल गॉन. पुढे शब्द मिळेना. आपला बाप अशा वेळी किती लहान दिसतो ते मला बघवेना. मी म्हणाले, “आबा, तुमी मराठीत बोला. मी हाय.”

मग आबा बोलले. हा तुकडा, टूलची धार गेली होती आणि कामगाराने ती ओळखायला उशीर केला, तेव्हापासून धार बघायची वेळ ठरवली. हा, लाइट गेली आणि मशीन अर्ध्यात थांबलं. हा, लोखंडच हलकं आलं होतं, तो व्यापारी बदलला. मी वाक्यामागून वाक्य तिकडे नेत होते. ते ‘व्हय’ म्हणत, ‘न्हाई’ म्हणत, ‘आमी’ म्हणत, आणि त्या प्रत्येक शब्दाला मी जर्मनमधला नेमका, नीटनेटका शब्द शोधत होते. ज्या बोलीची मला वर्गात लाज वाटली होती, तिच्यात केवढं अचूक बोलता येतं, हे मला दुसऱ्या भाषेत नेताना दिसलं. आपल्या घरातलं सामान आपल्याला दुसरीकडे हलवतानाच नीट कळतं, तसं ते होतं. मला आबांचा अभिमान वाटला.

साहेबाने तळातून एक बुश काढला. बाकीच्यांवर ताजी चमक होती, हा काळवंडलेला होता. भोक चुकीच्या बाजूने पाडलेलं. हा जुना दिसतोय, असं तो म्हणाला. आबांनी तो बघितला आणि नजर खाली घातली. फोरमन काका मला हळूच म्हणाले, की ताई, भंगारवाला आला की हा तुकडा साहेब बाजूला काढतात आणि तो गेला की परत पेटीत टाकतात, का ते आम्हाला पण माहीत नाही. साहेब म्हणजे आबा.

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, “ह्ये त्याला सांगू नगंस.”

“मला तरी सांगा.”

कॉम्प्रेसर कुणीतरी बंद केला होता. आबा टेबलावरची कांद्याची सालं एका बाजूला सारत म्हणाले, “तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीचा हाय. पोचल्याचा मेसेज येईना. ध्यान सगळं फोनकडं. आख्खा ट्रे उलटा ड्रिल केला म्या. बाकीचं भंगारात दिलं. ह्यो एक ठिवला.”

साहेब माझ्याकडे बघत होता. मशीनवर बसलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे होतं, ही ऑडिटमध्ये साधी गोष्ट नव्हे. एवढं एक गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण मग मी पुन्हा पेटी रिकामी केल्यासारखंच झालं असतं. मी आबांना म्हणाले, मी सांगते. त्यांनी नको म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं, माझा उशिरा गेलेला मेसेजही.

साहेबाने तो बुश बराच वेळ बोटांत फिरवला. मग त्याने तोच प्रश्न विचारला जो तो प्रत्येक तुकड्याला विचारत होता, आणि मी तो आबांना सांगितला. पुन्हा असं होऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत?

आबा गोंधळले. टूलला वेळ ठरवता येते, व्यापारी बदलता येतो. ते म्हणाले, “काय करनार? पोरगी परत आली.”

हे वाक्य मी तसंच्या तसं तिकडे नेलं. साहेबाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते हललं नाही. त्याने चष्मा काढून पुसला. मग हिशेबी माणसासारखा म्हणाला, “हा उपाय पुरेसा नाही. ती पुन्हा गेली तर?” मी आबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. साहेब म्हणाला, हरकत नाही, हा मुद्दा मी उघडा ठेवतो, उपाय सापडला की कळवा, बाकी मला मान्य आहे.

आधी थोडं काम आलं, ते जमलं तेव्हा आणखी आलं. दिवाळीनंतर गाळ्याला कुलूप लागलं नाही. फोरमन काकांच्या मुलीचं लग्न झालं, आणि जेवणावळीत आबांनी मला शेजारी बसवून प्रत्येक पाहुण्याला सांगितलं, ही जर्मन शिकलीय. थोरल्या काकूने ते ऐकून, मग आता भांड्याचं दुकान काढा, असं म्हटलं, आणि या वेळी ती हसली. लाल पेटी आता आत कोपऱ्यात नसते, दारातच असते. शेजारच्या गाळेवाल्याला आबांचं हे काही पटलेलं नाही.

मी काळेवाडीत एका क्लासमध्ये जर्मन शिकवते. नर्सिंग झालेल्या मुली येतात, आयटीआय झालेली मुलं येतात, सगळ्यांना तिकडे जायची घाई असते. पहिल्याच दिवशी मी खोडरबर काढून घेते. भाषा शिकून काय मिळतं असं कुणी विचारलं, तर मी नोकरीचं सांगते, कारण ते खरंच मिळतं आणि त्यांना ते हवंच असतं. बाकीचं त्यांचं त्यांना कळेल.

यंदा मला वर्षभरासाठी पुन्हा तिकडे जायचं आहे, भाषा शिकवण्याचं शिक्षण घ्यायला. पत्र आलं ते मी आबांना गाळ्यातच दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं, हात पुसले, पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, जसं काही त्यांना ते वाचता येणार होतं. चांगलं झालं म्हणाले. मग पत्राची घडी घातली. मला वाटलं आता ऑर्डर तुंबलीय म्हणतील.

“त्या सायबाला कळव,” ते म्हणाले. “आपला एक मुद्दा उघडा हाय. तू जाशील त्या दिवशी आन् दुसऱ्या दिवशी मशीनवर फोरमन बसंल. म्या न्हाई बसनार. ह्यो उपाय लिही त्याला.”

मी तिथेच उभी राहून मेल लिहिला. आबांचं वाक्य जर्मनमध्ये नेताना मला दोनदा थांबावं लागलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, उपाय मान्य, मुद्दा बंद, प्रवास सुखाचा होवो. मी ते आबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि काळवंडलेला बुश पेटीतून काढून स्वतःच्या खिशात टाकला.

“आता विमानतळावर बी येतो,” ते म्हणाले. “आन् पोचलीस की मेसेज कर. उशीर झाला तरी चालंल, म्या मशीनवर नसंन.”